अधिकच्या चिन्हाआधीची रेघ

ओमानमधल्या बहला गावच्या आमच्या इस्पितळात मी सतरा वर्षं रक्तपेढी सांभाळते. कॉम्प्युटरचं काम खलफानकडे. कुंभाराचा मुलगा, पण चाकावर बसला नाही. "माझं मडकं वाकडं होतं, सिस्टर, प्रोग्रॅम तेवढा सरळ होतो," म्हणायचा.

रक्तदात्यांचा प्रोग्रॅम त्यानं आपणहून केला. मी रक्तगट टाकायचा, ओ आणि पुढे अधिक किंवा उणे, की त्या गटाच्या सगळ्यांना मोबाईलवर निरोप जायचा. निरोप मिळाला की माणसं कॉफीचा थर्मास नि खजूर घेऊनच यायची.

बसच्या अपघातादिवशी मी ओ पॉझिटिव्ह टाकलं. तासाभरात रांग लागली. ओ निगेटिव्हचे नऊही जण आले. गावात त्या गटाचे दाते तेवढेच आहेत. मला वाटलं, अपघाताचं ऐकून आले. त्यांचं रक्त कुणालाही चालतं. घेतलं, नि त्याच दिवशी लागलंही.

तीन आठवड्यांनी खलफानची धाकटी बहीण झुवेना बाळंतपणाला आली. मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह, म्हणजे तिला त्याच गटाचं रक्त हवं. फ्रीजमध्ये एकच पिशवी. निरोप गेले, कुणी येईना. खलफाननं त्या नऊ जणांतल्या हमदान कुंभाराला फोन लावला.

"अरे, आत्ताच तर दिलं मी! तीन महिने येऊ नका म्हणाली तुझी सिस्टर."

"तेव्हा ओ पॉझिटिव्हवाल्यांना बोलावलं होतं, काका."

"मग मला कशाला निरोप धाडलास?"

खलफान मशीनपुढे बसला. मिनिटभरात त्याचा चेहरा उतरला. मी टाकलेला गट त्याचा प्रोग्रॅम तसाच्या तसा शोधाच्या ओळीत घालत होता. तिथे अधिक म्हणजे अधिक नसतंच. 'आधीचं अक्षर एकदा किंवा कितीही वेळा' असा अर्थ मशीन घेतं. म्हणून ओ असलेले सगळेच निघाले, अधिकवाले नि उणेवालेही. उण्याला तिथे तसा अर्थ नाही. त्यानं तपासून बघितलं होतं ते नेमकं उणं घालून, आणि ते बरोबर आलं होतं.

"अधिक नुसतं अधिकच राहायला चिन्हाआधी एक उलटी तिरपी रेघ हवी होती, सिस्टर. एवढीच." त्यानं रेघ घातली. ओ पॉझिटिव्हच्या यादीतून ती नऊ नावं गेली. आता त्याचा काय उपयोग!

तेवढ्यात हमदानकाका आलेच, हाताला माती तशीच. बोट टोचून बघितलं. "काका, नाही घेता येणार."

"म्हातारा झालो म्हणून?"

"तुमच्याच अंगात रक्त कमी आहे."

"मग बसतो तरी," म्हणून ते खलफानशेजारी बसले.

मस्कतहून रक्ताच्या पिशव्या निघाल्या होत्या. खलफान ड्रायव्हरला सारखा फोन करत होता. मी मनात देवाचं नाव घेत होते. डॉक्टरांना थांबता येईना. गर्भपिशवी काढावी लागली. पिशव्या त्यानंतर पोचल्या.

दुसऱ्या दिवशी झुवेनानं डोळे उघडले. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. भावाला बघून हसली. "खलफान, तुझ्या यादीनंच वाचवलं ना रे मला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनचे थेंब मोजत राहिले.