मेंढराच्या पुढं पडणारी काठी

पुणे स्टेशनावर साडेआठ फुटी भाला खांद्यावर टाकून उभं राहिलं की गर्दीतसुद्धा ऐसपैस जागा मिळते, हा शोध मला पन्नाशीला लागला. मिरजेकडे जाणाऱ्या गाडीच्या गार्डाने आधी भाल्याकडे पाहिलं, मग माझ्या धोतराकडे आणि कोटाकडे.

"अहो, स्वराज्य मिळून चार महिने झाले. आता कुणावर चाल करून निघालात?"

"लंडनवर," मी म्हणालो.

ते अगदीच खोटं नव्हतं. पुढच्या वर्षी लंडनला ऑलिंपिक भरणार होतं. आमच्या क्रीडामंडळाच्या बैठकीत कुस्ती, धावणं, हॉकी यांवर सगळे भरभरून बोलले आणि भालाफेकीचा विषय निघाल्यावर सगळे खिशात तपकिरीची डबी शोधू लागले. महिनाअखेर पुण्यात चाचणी ठेवलेली, आणि भालाफेकीच्या यादीत एकही नाव नाही. तेव्हा मी खिशातलं एक पोस्टकार्ड काढून वाचलं. साताऱ्याकडच्या एका निवृत्त हवालदाराने लिहिलं होतं: 'जतकडचा एक धनगर दरसाल आमच्या रानात मेंढरं बसवतो. त्याची काठी बघून इटलीत पल्टणीच्या सामन्यांत पाहिलेल्या भालाफेकीची आठवण येते. येऊन बघावे.' मंडळी हसली. मला हसणं सहन होत नाही. "माणूस घेऊनच येतो," असं मी बोलून गेलो. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, ही माझी खोड घरात सगळ्यांना पाठ आहे.

म्हणून हा प्रवास. बरोबर भाला, वळकटी आणि सुतळीचा एक मोठा गुंडा. त्या सुतळीला तीन चिंध्या बांधल्या होत्या. लाल चिंधी आमच्या इलाख्यातल्या सर्वांत लांब फेकीची, पिवळी देशातल्या, आणि पार टोकाची पांढरी मागच्या ऑलिंपिकच्या विजेत्याची. पिवळीपासून पांढरीपर्यंतची मोकळी सुतळी पाहिली की मला नेहमी वाईट वाटायचं.

रहिमतपूर स्टेशनावर गणपत हवालदार घ्यायला आले होते. अंगात लष्करी बरानकोट, पायांत कोल्हापुरी वहाणा, आणि मिशा मात्र दोन्हींना शोभतील अशा. घरी त्यांनी भाकरी, खर्डा आणि उसाच्या रसातली खीर असं जेवू घातलं की मी दोनदा कमरेची गाठ सैल केली. हात धुताना मी विचारलं, "मग, कुठे आहे आपला माणूस?"

"बिरू? त्याचा वाडा (मेंढपाळांचा फिरता मुक्काम) अजून आलाच न्हाई."

"कधी येणार?"

"त्ये त्याच्या मेंढरास्नी इचारा. चारा हाय तवर तिकडंच ऱ्हायाचा."

पुण्यात हे लिहून कळवायला काय झालं होतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण माझ्या तोंडाकडे पाहून हवालदारांनी बरानकोटाची बटणं लावायला घेतली. "मास्तर, डोंगर आपल्याकडं येत न्हाई, तर आपुन जाऊ की. चला जतला."

मिरजेला उतरताना एक अपघात झाला, आणि तो माझ्याच घाईने. भाला आधी बाहेर काढायचा सोडून मी आधी उतरलो; मागून कुणाची तरी ट्रंक आली आणि दार आणि ट्रंक यांमध्ये भाल्याची काठी कडाडली. मुठीच्या पुढे वीतभर चीर गेली. हवालदारांनी लष्करात शिकलेला एक शब्द उच्चारला. मला तर रडूच यायचं बाकी होतं, कारण तो भाला मंडळाचा होता आणि मंडळाकडे तो एकच होता.

"मिरजंत लाकडाचा आजार आन् माणसाचा आजार, दोन्ही बरं व्हत्यात," असं म्हणून एका हमालाने आम्हाला तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत नेऊन सोडलं. भोपळ्यांच्या ढिगामागे एक म्हातारे कारागीर बसले होते. त्यांनी भाला कानाशी धरला, बोटाने टिचक्या मारत पार टोकापर्यंत गेले आणि म्हणाले, "चीर वरच्यावर आहे. गाभा बोलतोय अजून." सरस भरून, वर रेशमी दोरा गुंडाळून त्यांनी तो वाळत ठेवला. हा कशासाठी वापरतात, हे मी सांगितल्यावर त्यांनी दोऱ्याची गाठ पुन्हा तपासली. "म्हणजे फेकून द्यायलाच करतात?" ते म्हणाले. तंबोरा करणाऱ्याला ही गोष्ट फार जिवाला लागलेली दिसली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीने निघालो. भाला टपावर बांधला. कृष्णाकाठचा ऊस मागे पडला, मग विहिरी विरळ झाल्या, मग झाडं. कवठे महांकाळ ओलांडल्यावर जमीन अशी उघडी पडली की आभाळ फार मोठं वाटू लागलं. नुसता शाळू आणि माळ, माळ आणि शाळू. मोटारीत आता मराठीत कानडी मिसळू लागली. एका म्हातारीने मला टपावरच्या भाल्याबद्दल काहीतरी विचारलं, मी मान हलवली, आणि तिने मला मोठ्या आदराने शेंगा दिल्या. कसला मान मिळाला ते आजवर कळलेलं नाही.

जतच्या अलीकडे चार मैलांवर, मोटार थांबवून, हवालदारांनी बोट दाखवलं. माळाच्या उतारावर मेंढरं पसरली होती. पुढे लाल पटका बांधलेला एक सडसडीत माणूस चालत होता. मागे घोड्यावर बिऱ्हाड आणि घोड्याशेजारी हातात चाती (लोकर कातायची फिरकी) घेतलेली बाई. तो बिरू आणि ती त्याची बायको तायव्वा. ती मेंढरांशी कानडी बोले आणि माणसांशी मराठी, आणि मेंढरांशी जास्त गोड बोले.

आम्ही पोचतो तोच कळपातली एक मेंढी शेजारच्या शाळूच्या उभ्या पिकाकडे सुटली. बिरूने पळायचं मनावरही घेतलं नाही. हातातली काठी डोक्यामागे नेली आणि सोडली. ती इतक्या वर गेली की मला वाटलं, आता ही मेंढीच्या पाठीत बसणार. पण काठी मेंढीच्या दोन हात पुढे, तिच्या तोंडासमोर आडवी पडली, आणि मेंढी दार लागल्यासारखी मागे वळली. जिथून काठी सुटली आणि जिथे पडली, त्या दोन्ही जागा मी डोळ्यांनी धरून ठेवल्या.

संध्याकाळी माळावर सुतळी पसरली. बिरूने मिरजेच्या रेशमी दोऱ्याच्या मुठीवरून हात फिरवला, चार पावलं धावला आणि भाला सोडला. तो लाल चिंधीवरून गेला, पिवळीवरून गेला आणि पांढरीच्या निम्म्या वाटेवर आडवा पडला.

हवालदार आपला पटका उडवत धावले. मी जागचा हललो नाही.

"लांब गेला न्हवं?" बिरूने विचारलं.

"गेला. पण धरत नाहीत. भाल्याचं टोक आधी जमिनीला टेकावं लागतं."

तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा पाहू लागला. "टोक टेकलं तर मेंढरू मरंल की. काठी मेंढराच्या पुढं पडाय पायजे, मेंढरावर न्हाई. माज्या बानं मला धा वर्सं ह्येच शिकिवलं."

बापाने दहा वर्षं शिकवलेलं विसरवायला माझ्याकडे चार दिवस होते. तीस वर्षं पोरांच्या कवायती घेतलेला मी माणूस. मला ते अवघड वाटलं नाही. नेम धरायला म्हणून मी घोंगडी मांडायला सांगितली. बिरू म्हणाला, घोंगडीला भोक पडेल. मी वारूळ दाखवलं. त्याने कानाला हात लावला, वारुळात देव. मी तायव्वाकडे तिची पाटी मागितली. "आन् भाकरी तुमच्या टोपीत ठिऊ?" ती म्हणाली. शेवटी ढेकळांची रास केली.

सगळी मेख मनगटात होती. काठी सोडताना शेवटच्या क्षणाला तो मनगट किंचित पाडायचा, आणि त्यामुळे ती आडवी व्हायची. ते मनगट मी धरलं. शंभरदा, दोनशेदा फेकून घेतलं. "मेंढरांमागे चालतानाही रिकाम्या हाताने हेच करत राहा," असं बजावलं, आणि तो खरोखर करत राहिला. दिवसभर माळावर त्याचा हात हवेत जाताना लांबून दिसे. दुपारी तायव्वा हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) आणि भाकरी वाढायची आणि आमच्या उद्योगाकडे पाहून चाती फिरवायची.

"लंडन जतपास्नं किती लांब?" तिने एकदा विचारलं.

"बोटीने तीन आठवडे."

"मंग मेंढरं कुणी राखायची?"

"तवर माजा भाऊ हाय की तुज्या संगं," हवालदार म्हणाले. त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाला उभा राहिला. पिवळ्या चिंधीच्या पुढे चांगली सात-आठ पावलं, टोक मातीत घुसून, शेपूट थरथरत. देशातल्या सगळ्यांच्या पुढे. मी त्या माळावर एकटाच टाळ्या वाजवत राहिलो. तायव्वाने चातीवरची काळी लोकर तोडली आणि जिथे भाला उभा होता तिथे माझ्या सुतळीला बांधली. बिरू हसला. तो वयाने किती लहान आहे, हे मला तेव्हा कळलं. सोमवारी पुण्याला निघायचं ठरलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होतो. एक मेंढी पुन्हा शाळूकडे सुटली. बिरूने रोजच्यासारखी काठी डोक्यामागे नेली आणि सोडली. काठी वर गेली, वळली आणि टोकावर खाली आली. मेंढीचा मागचा पाय मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

तायव्वा चाती टाकून धावली. बिरू जागीच उभा राहून स्वतःच्या हाताकडे पाहत होता. मग त्याने मेंढी मांडीवर घेतली, तायव्वाने बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. मेंढी गाभण होती.

बऱ्याच वेळाने बिरू आमच्याकडे आला. "मास्तर, मी न्हाई येत."

"आरं येडा का खुळा तू?" हवालदार म्हणाले. "आक्क्या देशात तुज्या फुडं कोन न्हाई, आन् एका मेंढीपायी—"

"हात एकच हाय, हवालदार. त्याला दोन गोष्टी कशा शिकवू?"

मला राग आला होता. खरंच आला होता. एक मेंढी आणि लंडन, असा तराजू मी मनात धरला होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि तायव्वाने भाला माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. "ह्यो तुमचा तुमी घिऊन जावा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्यानेच माझा राग उतरला, कारण तो पाय कुणाच्या शिकवण्याने मोडला, हे तिने म्हटलं नाही तरी आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मोटाररस्त्यापर्यंत बिरू पोचवायला आला. वाटेत त्याने एकच गोष्ट विचारली.

"तिकडं लंडनला भाला पडतोय, तितं काय असतंय?"

"गवत."

"नुसतं गवत?"

"हो."

"मंग वळवायचं कुणाला असतंय?"

मोटार आली.

पुण्यात मंडळाच्या बैठकीत मी सांगितलं की माणूस मिळाला नाही. मंडळी हसली, आणि या वेळी ते हसणं मी गुपचूप ऐकून घेतलं. पुढच्या साली ऑलिंपिकचे निकाल वर्तमानपत्रात आले. भालाफेकीत आपल्याकडचं कुणाचं नाव मला दिसलं नाही. सुतळी मी तशीच ठेवली आहे; लाल, पिवळी, पांढरी, आणि मधे तायव्वाची काळी लोकर.

परवा गणपत हवालदारांचं पोस्टकार्ड आलं. बिरूचा वाडा यंदा त्यांच्या रानात येऊन बसला आहे. ती मेंढी लंगडत का होईना चालते, तिला कोकरू झालं. खाली त्यांनी लिहिलं होतं: 'बिरूचा हात मात्र पहिल्यासारखा झाला नाही. दहातली एखादी काठी अजून टोकावर पडते. त्याने काठी धरणे सोडले. आता कळपाच्या पुढे तायव्वा चालते व तो घोड्याबरोबर मागून येतो.'

तीस वर्षं मी शिकवतो आहे. पोरं शाळेच्या फाटकाबाहेर पडली की सगळं विसरतात, अशी माझी नेहमीची तक्रार असते. माझं शिकवणं इतकं पक्कं आजवर कुणाच्याच हातात बसलेलं नव्हतं.