उतारवाले

ट्रकवाल्यांत त्याला सगळे 'उतारवाले' म्हणत. कुठंही थांबायचं झालं की तो आधी उतार शोधायचा. त्याचा जुना ट्रक सकाळी गार असताना चावीला मुकाट सुरू व्हायचा. पण तापल्यावर बंद केला, की इंजिन फिरवणारा सेल्फ नुसता कण्हायचा. मग उतारावरून सोडायचा आणि गियरमध्ये टाकून सुरू करायचा. बायको म्हणायची, "जेवायलाही उतारावर बसा, घास आपोआप खाली जाईल."

थोरला भाऊ, दादा, कायम त्याच्याबरोबर असे. धाकटा गाडी चालवी. दादा माल मोजून घेई आणि चाकापुढं दगड लावी.

बॅटरीही धड चार्ज होत नसे, दिवे पिवळे पडत. गॅरेजमधल्या वायरमननं सेल्फ बदलला, अल्टरनेटर बदलला, बॅटरी नवी टाकली. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "गाडीच म्हातारी झाली," म्हणून त्यानं हात टेकले.

त्या दुपारी सिमेंटच्या गोदामापुढं उतारावर ट्रक लावला होता. पोती उतरवायला वेळ लागला. इंजिन बंद, त्यामुळं ज्या हवेच्या दाबावर ब्रेक लागतो ती टाकीतली हवा हळूहळू निघून गेली. हँडब्रेक तर कधीचाच नावापुरता उरला होता. एरवी धाकटा आधी हवेचा काटा बघायचा. त्या दिवशी पुढची खेप चुकेल म्हणून घाई होती. तो चढला, ब्रेकवर पाय ठेवला आणि ओरडला, "दादा, काढ दगड!"

दादानं वाकून दगड ओढला. धाकट्यानं ब्रेक दाबला तो तळापर्यंत गेला, आणि ट्रक सुटला. दादाला बाजूला व्हायला सवडच मिळाली नाही. चाक पायावरून गेलं. ट्रक खाली कुंपणाच्या भिंतीला अडकून थांबला.

पाय मांडीतून कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी वायरमन दवाखान्यात आला. व्हरांड्यात धाकट्याशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

"काल ट्रकनं रस्ता अडला, तो हलवायला मला बोलावलं होतं," तो म्हणाला. "इंजिन तापलेलंच होतं. बॅटरीच्या मायनसवरून जाड वायर थेट इंजिनाला लावून बघितली, तर सेल्फ गर्रकन फिरला. इंजिन आणि चासीमधली, करंट परत नेणारी अर्थची पट्टी गंजून गेलीय. तापली की करंट अडायचा. चार्जिंगही तिच्यापायीच अडत होतं."

"केवढी असते ती?"

"हातभर." वायरमनची नजर जमिनीवर होती. "मी वरचंच बदलत बसलो."

धाकट्यानं दादाला खोटं सांगितलं नाही. खाटेशी बसून सगळं सांगितलं. हवेचा काटा बघितला नाही, तेही.

दादानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पट्टी बदलली का?"

"बदलली."

"मग जा आता. खेपा बुडतायत."

दादा घरी आला त्याला आता वर्ष होत आलं. धाकटा एकटाच ट्रक चालवतो. रात्री परतला की वहिनी ताट वाढते, पण समोर थांबत नाही. दादा त्याच्याशी हवापाण्याचं बोलतो. गाडीविषयी एक शब्दही काढत नाही.