मुळं किती वाजता कापायची

ताईला जाऊन दीड महिना झाला. डेंग्यू, पाच दिवसांत खेळ खलास. इंदिरानगरच्या घरी कॉलेजवाले भेटायला येतात, चहा घेतात, लॅबचे किस्से सांगून हसतात. ऐका मग माझेही, बरेच साठलेत. मी नववी नापास, पिंपळगावहून टेम्पो चालवतो. ताईच्या लॅबला कांदे मीच पुरवायचो!

*

कांदा पाण्यावर ठेवला की मुळं फुटतात. मुळाच्या टोकाला पेशी एकीच्या दोन होतात, ताई त्या बघायची.

एकदा विभागाचे मोठे सर म्हणाले, "हे गावठी कांदे बंद. मी एक्स्पोर्टचे आणतो." आणले! गोल, चकचकीत. आठ दिवस झाले तरी मुळं खुंटलेलीच.

ताई म्हणाली, "सर, कोंब येऊ नये म्हणून रेडिएशन दिलेला कांदा आहे हा. याच्या पेशी कशा वाढणार?"

सर म्हणाले, "पण दिसतो किती छान!"

*

टेम्पोत मी विचारलं, "ताई, तू नक्की शोधतेस काय?"

"पेशीत एक प्रथिन साठत जातं. पुरेसं साठलं की विभागणी सुरू. काम झालं की पेशी त्याला खूण चिकटवते आणि तोडून टाकते. नाही तोडलं, तर पेशी तिथंच अडकते."

"म्हणजे लग्न लागलं तरी मांडव निघेना!"

"आमचे सर, बाळ्या! रिटायर होऊन दोन वर्षं झाली, खुर्ची सोडत नाहीत. खूण चिकटवायला कुणी नाही!"

हसताना तिच्या डब्यातली भाजी सीटवर सांडली. डाग आहे अजून. पुसणार नाही.

*

ताईनं दर तासाला मुळं कापून पाहिली. सकाळी सहाला विभागणाऱ्या पेशी भरपूर, अकराला जवळपास नाहीतच. म्हणून मी तिला पहाटे लॅबला सोडायचो.

सर तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "कांद्याला घड्याळ कळतं का?" घरची पूजा उरकून साहेब अकराला यायचे ना! त्याआधी विज्ञान सुरू होत नसे.

*

शोकसभेत सर "माझ्या मार्गदर्शनाखाली" एवढंच घोकत होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिच्या कामाचा पेपर पाठवतोय, माझ्या नावानं. तिचं नाव आभारात घातलंय. शिपायाच्या वर!"

माझा हात उठला होता. आईनं धरला.

*

परवा त्यांचाच फोन. आवाज एकदम मऊ.

"बाळासाहेब, मासिकवाले नवे फोटो मागतात. आम्हाला विभागणारी पेशीच सापडत नाही. ताई मुळं किती वाजता कापायची हो? तिची वही आहे का तुमच्याकडे?"

वही मांडीवरच होती. पहिल्याच पानावर लाल पेनानं वेळ लिहिलेली.

"वही नाही सापडत, सर," मी म्हणालो. "पण वेळ पक्की आठवते. अकरा. तुमची पूजा आटोपली की लगेच."