वांग्यावरचा रोग आणि कम्प्युटरमधला व्हायरस

मंडळी, आज दुपारी घरी ऑनलाइन अर्ज भरत होते. एकदम स्क्रीन लाल झाली, सायरन वाजायला लागला आणि सूचना आली, 'कम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' काही केल्या ते बंद होईना. शाळेत कम्प्युटर शिकवणारी मी, घाबरून नंबर दाबायला लागले.

शेजारी आई उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. "कोनाले फोन लावून राह्यली?"

मी सांगितलं.

"आपून तं कोनाले बलावलं नाही, मंग त्याले कसं समजलं? मांगच्या साली वांग्यावर रोग आला मनून सांगाले एक अनोळखी मानूस वावरात आला होता. औषधाची बाटली त्याच्याच पिशवीत होती. मी त्याले वावराच्या धुऱ्यावरूनच वापस पाठवलं. ठेव तो फोन."

आणि मोटरपंप बंद करावा तसं तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

थोड्या वेळाने कम्प्युटर सुरू केला. जुनं पान पुन्हा उघडलं नाही. सायरन नाही, काही नाही.

आईने आयुष्यात कधी माऊस धरलेला नाही. मी दरवर्षी मुलांना ऑनलाइन फसवणुकीचा धडा शिकवते, आणि आज माझं बोट त्या नंबरच्या शेवटच्या आकड्यावर होतं.

तुमचं बोट तिथवर गेलं, तर थांबवणारं घरात कोण आहे?