न्हाणीमागची ओल

घाटनांदूरला आम्ही विटांचं घर बांधलं, तेव्हा सासूबाई शेतातल्या आखाड्यावरून, म्हणजे तिथल्या खोपटातून, कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. माझ्या नवऱ्याचं गावात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान. ते सकाळीच जायचे, मी स्वयंपाकात, आणि सासूबाईंना रिकाम्या हातानं बसवेना. घरामागं न्हाणीचं पाणी एका भोकातून बाहेर पडायचं. तिथं त्यांनी पाटी-पाटीनं काळी माती आणून भिंतीला लागून वाफा केला आणि चमकुरा लावला. तुम्ही त्याला अळू म्हणत असाल.

जन्मभर लांबून पाणी वाहिलेली बाई ती. "अंघुळीचं पाणी नालीत सोडायचं म्हंजी पाप हाय," म्हणायच्या. चमकुरा असा माजला की गल्लीतल्या बायका वड्यांसाठी पानं मागायला यायच्या, आणि सासूबाई दर बाईला दोन पानं जास्तीच द्यायच्या. नव्या गल्लीत त्यांची ओळख झाली ती या पानांमुळंच.

पुढच्या वर्षी आतल्या खोलीत त्याच भिंतीला लोणा धरला. जमिनीपासून गुडघ्याएवढा रंग फुगला, नखानं टोकरलं की पांढरी पूड पडायची. गव्हाची कोठी त्या भिंतीला टेकून होती. तिचा तळ गंजला आणि खालचा गहू कुबट लागायला लागला.

"पावसाचं पाणी शिरतंय," असं नवऱ्यानं ठरवलं. ओल थांबवणारा म्हणतात तो रंग आणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः लावला. दिवाळीपर्यंत तो पापडासारखा फुगला. त्यांनी खरवडून पुन्हा लावला. पुन्हा तेच.

चैत्रात एका दुपारी सासूबाईंनी त्या भिंतीच्या पायथ्याशी गोधडी टाकली.

"हितं लई गार लागतंय," त्या म्हणाल्या.

मी शेजारी बसून गहू निवडत होते. सहज हात टेकवला, तर भिंत भरलेल्या माठासारखी ओली. बाहेर ऊन भाजत होतं, कित्येक महिन्यांत पाऊस नव्हता. मग हे पाणी कुठलं? मी उठून घरामागं गेले. वाफ्याची माती जोत्याच्याही वर चढलेली होती. न्हाणीचं पाणी त्या मातीत जिरत होतं आणि माती ते भिंतीला पाजत होती.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. सासूबाईंनी घास ताटात ठेवला.

"माझा चमकुराच दिसला व्हय तुला? भिंत काय मातीची हाय विरघळायला?"

नवरा म्हणाला, "बघू पुढं." आईला दुखवायचं त्यांच्या जिवावर यायचं. मीही मग विषय सोडला. त्या वाफ्यात त्यांचा किती जीव होता ते मला दिसत होतं.

दोन-चार दिवसांनी मी नवऱ्याचा डबा घेऊन दुकानात गेले. विहिरीत पडलेली एक मोटार त्यांनी उघडून उन्हात ठेवली होती.

"वार्निश मारून देऊन का टाकत नाही?" मी विचारलं.

"ओली हाय अजून. आधी वाळली पाह्यजे. न्हाईतर ओल आत कोंडती आन् मोटार जळती." बोलता बोलता त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. "कावून हसतीस?"

"काही नाही. भिंत आठवली."

डबा उघडताना त्यांनाही हसू आलं.

रविवारी त्यांनी वाफ्याचा फक्त एक कोपरा उकरला. सासूबाई बाजेवर पाठ फिरवून बसल्या होत्या. जोत्याखालची वीट उघडी पडल्यावर नवऱ्यानं तिला पेचकसाचं टोक लावलं, तशी ती भसाभस झडली. त्यांनी आईला हाक मारली नाही. सासूबाई आपणच उठल्या, वाकल्या, तो चुरा तळहातावर घेऊन बघत राहिल्या.

"आरं, ही तर भिजल्या बिस्किटावानी झाली." मग हात झटकून, "पाणी कुठं नेशील?"

"पाइप टाकून कंपाउंडच्या कोपऱ्यात. उतार तिकडंच हाय. वाफा तिथं कर, माय."

"वाया न्हाई ना जायचं?"

"थेंबबी न्हाई."

सासूबाईंनी माझ्याकडं खुरपं मागितलं आणि चमकुऱ्याचा एकेक कांदा माती धरून सोडवायला सुरुवात केली.

नंतर मिस्त्री आला. सगळी भिंत एकदम उघडी पाडायची नाही असं ठरलं. काळ्या मातीत पाया खचायची भीती. म्हणून तुकड्या-तुकड्यानं खणलं, झडलेल्या विटा काढून सिमेंटात नव्या बसवल्या, चर उन्हात वाळू दिला. मग मुरूम भरून चोपला आणि वरून भिंतीपासून लांब उतार देऊन कोबा केला. कोबा पक्का झाल्यावर सासूबाईंनी भिंतीच्या कडेला बादली ओतली आणि पाणी कुठं जातंय ते बघत त्याच्या मागं मागं कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "जातंय."

आतला फुगलेला रंग, गिलावा आम्ही खरवडून टाकला आणि भिंत वर्षभर तशीच ठेवली. पाहुणे विचारायचे, "अशी उघडी कावून ठेवली?" नवरा सांगायचा, "वाळू घातलीय."

खरंच वाळली, पण सावकाश. वर्ष उलटल्यावर नवा गिलावा केला, तो अजून हललेला नाही. कोठी मात्र आता भिंतीपासून हातभर पुढं असते.

हल्ली दर मृगाआधी नवरा गच्चीवरचे पन्हाळे साफ करतो आणि आम्ही दोघी सासू-सुना घराला फेरी मारतो. कोब्यावर साचलेली माती, पालापाचोळा खुरप्यानं ओढतो, एखादी चीर दिसली तर भरून घेतो. परवा समोरच्या घरची बाई नव्या भिंतीला लागूनच मातीचा ढीग घालताना दिसली. सासूबाईंनी काठी घेतली आणि रस्ता ओलांडून गेल्या. "अगं बाई, जरा थांब, आदी माझं ऐक," एवढं मला ऐकू आलं. मी चहाचं आधण उतरवून ठेवलं. त्या काही लवकर परत येणार नव्हत्या.