संताचा मेव्हणा

कर्जतपासून खोपोलीपर्यंतच्या मुलखात सिनेमा कळलेला माणूस एकच झाला, तो म्हणजे आमचे मामा. मुंबईचे शहाणे यावर हसतील. खुशाल हसोत! पळसदरीला भाताची शेती करणारा हा माणूस, पण खोपोलीला सिनेमाचा तंबू लागला की लावणी असो वा कापणी, मामा तिकडे पसार. मामी म्हणायच्या, "माझी सवत कापडाची हाय गं, पांढऱ्या कापडाची!" तेव्हाचे खेळ मुके. इथल्या पाण्यावर तयार झालेली वीज थेट मुंबईला जायची, आणि आमचा तंबू बिचारा तेलाच्या इंजिनावर धडधडायचा. या गोष्टीचा मामांना इतका राग होता की मुंबईचा पाहुणा दिसला रे दिसला की ते त्यालाच जाब विचारायचे.

संतांच्या चरित्राचा खेळ असला की लोक वहाणा बाहेर काढून, नारळ घेऊन तंबूत शिरत. मामांची तऱ्हा उलटी. ते विनोदी खेळाला वहाणा काढायचे. "पडनाऱ्याला लागतंय, तरी त्यो आपल्याला हसवतो. त्याच्या पाया पडू नको तर काय करू?" असा त्यांचा रोकडा सवाल. चरित्रांवर मात्र त्यांचा जुना दावा. "जल्मल्यापास्नं ह्यो नुसता हात जोडून उभा! अरं, संत झाला म्हणून त्याला पडसं व्हत नाय? घरात भांडान नाय? सोयरेधायरे नाय?" आमचा भजनी बुवा हे ऐकून कानांवर हात ठेवायचा. पण मामांपुढे वाद घालायची कुणाची टाप होती? हरणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

एकदा तंबूत अशाच एका संताचा खेळ लागला होता. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणाऱ्या माणसाचा घसा नेमका त्याच दिवशी बसला. तंबूवाला हवालदिल झाला, आणि मामा धोतराचा सोगा खोचून उठलेच. काय सांगत होते महाराजा! बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या, बुवाने टाळ सरसावले. इतक्यात रीळ बदललं आणि घात झाला. मशीनवाल्याने खेळाच्या आधी दाखवायचं विनोदी रीळच मधे लावलं. संत गेले कुठल्या कुठे, आणि पडद्यावर एक ढेरपोट्या गृहस्थ पिठाच्या कणगीत उलटा पडून पाय झाडतोय! बुवा ताडकन उठला. "द्येवाची चेष्टा करतायत! फोडा ह्यांचा तंबू!" झालं, ओवाळायला आणलेले नारळ पडद्याच्या दिशेने उगारले गेले. तंबूवाल्याचा संसार त्या एका कापडावर होता.

मामा जागचे हलले नाहीत. सगळ्यांवर आवाज चढवून ओरडले, "बसा रं खाली! वळखलं नाय? ह्यो म्हाराजांचा मेव्हणा!"

नारळ हवेतच राहिले.

"म्हाराज बसले भजनात. मग भंडाऱ्याचं पीठ कोन आननार? तुमी? ह्योच बिचारा राबतोय!" तेवढ्यात त्या ढेरपोट्याची बायको लाटणं घेऊन धावली. मामा लगेच म्हणाले, "आन् ही त्याची बायको. संताचा मेव्हणा झाला म्हणून बायको कुनाला सोडत नाय!" तंबू असा हसला की बुवाचं पागोटं मागच्या माणसाच्या मांडीत पडलं. मग खरं रीळ लागलं. संत घर सोडून निघाले, तेव्हा माणसं अशी रडली की तशी मी पुन्हा पाहिली नाहीत. माझ्या शेजारची म्हातारी हुंदके देत म्हणाली, "आता त्या मेव्हण्याचं कसं व्हायचं गं बाय!"

सांगा, आहे असा दुसरा कुणी? तंबूवाल्याने मामांचे पाय धरले आणि तंबू उठेपर्यंत ते रीळ मुद्दाम मधेच लावलं. शिळफाट्याच्या बाजारात लोक मला "त्या मामांचा भाचा" म्हणून ओळखू लागले. त्या दिवसांत माझी छाती बंडीत मावत नव्हती.

पुढे बोलपट आले. खोपोलीला पहिला लागला तेव्हा मी मामांना घेऊन गेलो. पडद्यावरची माणसं आपापलं बोलत होती, गात होती. पण हसण्याची जागा आली की आसपासचे लोक सवयीने आधी मामांकडे वळून बघत. मामा अवघडले. "माझ्या तोंडाकडं काय बघताय? त्यांना तोंड फुटलंय आता, त्यांचं ऐका," म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "कसा वाटला खेळ?"

"ब्येस हाय. समदं सोताच सांगत्यात." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "पन त्यांच्या घरी आनखी कोन कोन हाय, ते कोन सांगनार रं?"

पडद्यावरची माणसं बोलू लागली हे चांगलंच झालं म्हणा. पण मला मामांचाच आवाज ऐकायचा होता.