विहिरीचं साडेसात

फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरची वर्षा राठोड आयटीआय झालेली. तांड्याच्या विहिरीवर पंप चालू-बंद करणारं यंत्र तिनंच जोडलं, त्याचा प्रोग्रामही तिचाच. भाषा फोर्थ. हिच्यात सगळं काम चळतीवर चालतं: भाकरी रचाव्यात तसे आकडे एकावर एक ठेवायचे, वरचा आधी उचलायचा.

तांड्यावरची रुपीबाई, जिला सगळे याडी म्हणजे आई म्हणत, रोज सकाळी दोर सोडून विहिरीतलं पाणी हातांत मोजणार आणि यंत्राला मोबाइलवरून मेसेज धाडणार, असं ठरलं. पाणी पाच हातांच्या वर असलं की पंप सुरू व्हायला हवा. बाई सत्तरीची, पण मापात बोटभर चूक नाही. यंत्र बसलं त्या दिवशी तिनं पाठवलं, ‘७॥’. साडेसात असंच लिहायचं, हे ती तरुणपणी कापसाच्या काट्यावर शिकलेली. यंत्र ढिम्म! तीन दिवस टाकी कोरडी आणि सगळ्या शिव्या रुपीबाईला.

नळयोजनेचे साहेब आले. “या बाईला काढा. इंग्रजी आकडे टाकणारं कुणीतरी बसवा.”

“वर्षे, मायं माप चुकलं का वं?” रुपीबाईनं दोर पुन्हा हातात घेतला.

वर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुयं माप बरोबर आहे, याडी. अडाणी मशीन आहे, अन् तिले शिकवलं म्याच.” मग साहेबांकडे वळून म्हणाली, “मले दोन दिवस द्या. बाई जागची हलनार नाही.”

साहेब हसले, पण दोन दिवस दिले.

फोर्थमधली संख्या वाचायची तयार सोय मराठी अंक ओळखत नव्हती. वर्षानं ती फेकून दिली. यंत्राला मेसेज म्हणजे नुसती चिन्हं. त्यांची संख्या करायची तर चळतीवरची संख्या उचलायची, दहानं गुणायची, नवा अंक मिळवायचा, परत ठेवायची. एवढं जमलं. घोडं अडलं ते अर्ध्यापाशी, कारण तिची चळत पूर्ण संख्याच घ्यायची. मग तिनं सगळंच पाव-पाव हातात मोजायला घेतलं. साडेसात हात म्हणजे तीस पाव! दोनदा यंत्र बंद पडलं, दोनदा तिनं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी साहेबांसमोर रुपीबाईनं ‘७॥’ धाडलं आणि पंप घुमला. साहेबांचं समाधान होईना. पंप बंद करायला लावून त्यांनी स्वतःच्या फोनवरून इंग्रजीत 7.5 पाठवलं. पंप पुन्हा घुमला.

“तुमचंही घेते साहेब,” वर्षा म्हणाली. “मायी मशीन कोनालेच घरी पाठवत नाही.”